विदर्भातल्या परसबागेचं दुसरं वर्ष : बसलेल्या पपया, पिवळं लिंबू आणि तोंडावर आलेला वैशाख

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. हिंगणघाट तालुक्यातलं गाव, घरामागे 30 बाय 40 फुटांची मोकळी जागा, माती भारी काळी. गेल्या मृगात तुम्ही सुरुवात केली. श्रावणापर्यंत बाग अशी भरली की शेजारीपाजारी भाजी वाटली. मग झड लागली आणि पपईची चारही झाडं बसून मेली. भेंडी पिवळी पडली, वांग्यांना भोकं पडली. हिवाळा छान गेला. पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर) विकत आणावा लागला नाही. आता मात्र टमाटरचा फुलोरा गळतोय, लिंबाची पानं पिवळी होत चालली आहेत आणि वानरांनी बिहीचं (पेरूचं) रोप ओरबाडलंय. घरात सासरे म्हणतात, बाग मागे चालली. तुम्ही विचारता, खरंच मागे चालली का, आणि यंदा काय करू? शेवटी आंब्याचंही विचारलंय.

सासऱ्यांचा मान ठेवून सांगते, बाग मागे चाललेली नाही. काळ्या मातीत पहिल्या वर्षी जे होतं तेच तुमच्याकडे झालंय, आणि तुमच्या अर्ध्याहून जास्त तक्रारी एकाच जागी येऊन मिळतात : पाणी कुठे साचतं, आणि पाहिजे तेव्हा कुठे पोचत नाही.

सप्टेंबरची बाग पाहून कुणीच मत बनवू नये. तेव्हा आपल्याकडे कुंपणाला रोवलेली ओली काडीसुद्धा फुटते. विदर्भातल्या बागेचा कस दोनदा लागतो, एकदा झडीत आणि एकदा नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत. झडीत मुळं गुदमरतात. 25 मेच्या सुमारास रोहिणी लागली की पारा 45-46 अंशांवर जातो, जमीन भेगाळते आणि भेगेसोबत बारीक मुळं तुटतात. या दोन्ही वेळा निभावल्या तर मधल्या महिन्यांत फार काही करावं लागत नाही. म्हणून मी परसबागेची आखणी नेहमी मे महिन्यापासून उलटी करायला सांगते : मे महिन्यात पाणी किती असेल, सावली कुठे असेल, ते आधी ठरवायचं, जूनमध्ये काय पेरायचं हे त्यानंतर.

प्रगती मोजायची असेल तर किलोत मोजू नका. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, ज्या दिवशी भाजी बागेतली असेल त्या तारखेला खूण करा आणि भाजीचं नाव लिहा. घरात शाळेत जाणारं लेकरू असेल तर हे काम त्याच्याकडे द्या, ते विसरत नाही. वर्षभराने कोणते महिने कोरे आहेत ते समोर दिसतं आणि पुढच्या वर्षाचं काम तेवढंच असतं. पहिल्या वर्षी साधारण ऑगस्ट ते फेब्रुवारी खुणा असतात. दुसऱ्या वर्षी मार्च-एप्रिल भरायला लागतात. मे भरायला बहुतेक घरांत तिसरं वर्ष उजाडतं, कारण त्याला सावली लागते आणि सावली एका हंगामात वाढत नाही. तुमच्या खुणा आजच मार्चपर्यंत आल्या असतील, तर सासऱ्यांना कॅलेंडरच दाखवा.

दुसरी खूण मातीत बघा. मे महिन्यात उघड्या काळ्या जमिनीला हात जाईल एवढी भेग पडते. वाफ्यावरचं कुटार (पिकाचा भुसा) बाजूला सारून पाहा. खालची भेग बोटापेक्षा रुंद नसेल आणि चार बोटं खाली माती गार लागत असेल, तर तुमची जमीन सुधारते आहे, वर भाजी असो वा नसो.

काळ्या मातीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण बहुतेक पुस्तकी सल्ले हलक्या, निचऱ्याच्या जमिनीचे असतात आणि आपल्याकडे उलटे पडतात. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. ओलीत पाय पडला की ती दबते आणि वाळल्यावर तिथे विटेसारखं ढेकूळ होतं, मग वर्षभर खुरपी चालत नाही. म्हणून वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती काम करण्याइतकी सुकेपर्यंत, वाफ्यात जायचं नाही. वाफसा ओळखायचा सोपा उपाय : मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा. चपटा होऊन बसला तर अजून दोन दिवस थांबा. वाफे चार फुटांपेक्षा रुंद ठेवू नका, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि आत पाय टाकावाच लागत नाही. मधल्या वाटांवर मुरूम टाका. वाळू मात्र मातीत मिसळू नका. घमेलंभर वाळूने भारी जमीन हलकी होत नाही. ती हलकी होते शेणखताने आणि पाल्याने. 4 बाय 10 फुटांच्या वाफ्याला दर हंगामात चांगलं कुजलेलं शेणखत दोन मोठी घमेली पुरतं. चांगलं कुजलेलं म्हणजे ज्याला शेणाचा वास येत नाही आणि हातात भुरभुरतं ते. कच्चं खत टाकाल तर हुमणी (मुळं खाणारी अळी) घरात आणाल.

आणि मुख्य गोष्ट, वाफा वर्षभर एकाच रूपात ठेवायचा नाही. मृगाच्या आधी तो वीतभर उंच, गादीवाफा करायचा, लांबी उताराच्या दिशेने, म्हणजे झडीचं पाणी वाटांमधून निघून जातं. फेब्रुवारीत तोच वाफा खाली आणायचा, कडा उचलायच्या आणि मध्य खोलगट ठेवायचा, म्हणजे बादलीभर पाणी जागेवरच मुरतं. तुमच्याकडे पावसाळ्यात सपाट आणि उन्हाळ्यातही सपाट असे वाफे होते. म्हणून ऑगस्टमध्ये पाणी साचलं आणि आता मार्चमध्ये ते वाफ्याबाहेर वाहतंय.

आता पपई. तुम्ही लिहिलंय की दीड हात खोल खड्डे घेऊन, भरपूर शेणखत घालून लावल्या. हलक्या जमिनीत हे बरोबर आहे. भारी काळीत असा खड्डा म्हणजे झाडाखाली बांधलेलं टाकं; आजूबाजूच्या वाफ्यांचं पाणी त्या भुसभुशीत जागेत उतरतं आणि बाहेर पडत नाही. पपईचं मूळ दोन दिवसही पाण्यात काढत नाही. मेलेल्या झाडाचा बुंधा जमिनीलगत तपकिरी आणि मऊ झाला असेल, बोटाने दाबला की आत जात असेल, तर कारण हेच. यंदा खड्डाच घेऊ नका. वरची माती आणि खत ओढून तीन फूट रुंद, सव्वा-दीड फूट उंच ढीग करा आणि त्याच्या डोक्यावर रोप लावा. लावायची वेळही बदला : जूनऐवजी सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस संपत आल्यावर. म्हणजे पुढची झड येईपर्यंत झाडाला बुंधा आलेला असतो. घरच्या फळाचं बी टाकणार असाल तर एका ढिगावर तीन रोपं ठेवा आणि फुलं आल्यावर निवड करा. लांब लोंबणाऱ्या देठांवर झुपकेदार बारीक फुलं येतात ते नराचं झाड. सगळ्यांत मिळून असं एकच ठेवा. रेड लेडीसारख्या जातीचं रोप आणलं तर ही निवड करावी लागत नाही. पानं बारीक, आक्रसलेली आणि फळावर गोल कड्या दिसल्या तर तो विषाणू आहे. त्याला औषध नाही, झाड उपटून लांब न्या. त्याच्यावर पैसे घालवू नका.

लिंबाबद्दल तुम्ही एक ओळ लिहिली आहे ती सगळ्यांत महत्त्वाची : "कपड्यांचं पाणी वाया जाऊ नये म्हणून लिंबाला सोडतो." पाणी वाचवायची तुमची इच्छा मला कळते, उन्हाळ्यात नळ तीन-चार दिवसांनी येतो तेव्हा थेंब सोडवत नाही. पण कपड्यांच्या पावडरमध्ये सोडा असतो आणि आपली काळी माती मुळातच अल्कधर्मी, तिचा सामू (pH) 8 च्या आसपास, खाली चुनखडीचे पांढरे खडे. त्यात रोज सोडा पडला की माती चिकट आणि घट्ट होते, आणि लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. नवं पान बघा : शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळसर-पांढुरका, जाळीसारखा. ही लोहाची कमतरता. जुनी, खालची पानं सगळीच पिवळी पडून गळत असतील तर मात्र मुळाशी पाणी साचतंय किंवा नत्र कमी आहे. तुमच्या वर्णनावरून शेंड्याकडची पानं पिवळी आहेत, म्हणजे पहिलंच.

आधी ते पाणी बंद करा. मग बुंध्याभोवतीचा वरचा पांढुरका थर खरवडून काढा, दोन घमेली कुजलेलं शेणखत आणि पसाभर निंबोळी ढेप आळ्यात मिसळा. नवी पालवी येईल तेव्हा लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून, ताजंताजं द्रावण संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. त्याने पान हिरवं होईल. पण मातीचं काम केलं नाही तर पुढची पालवी पुन्हा पिवळीच येईल. आळं बुंध्याला चिकटून करू नका. बुंध्याभोवती मातीची एक लहान बांगडी, तिच्याबाहेर फांद्यांच्या घेराइतकी दुसरी, आणि पाणी या दोहोंच्या मध्ये. संत्र्याचे जुने बागायतदार डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) टाळायला असंच करतात, कारण ओल्या बुंध्यातूनच तो रोग शिरतो. पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला दोन-अडीच फूट उंचीपर्यंत बोर्डो पेस्ट (बुरशीनाशक लेप) लावा : 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी हे प्रमाण. तुमच्या एका झाडाला 100 ग्रॅम, 100 ग्रॅम आणि लिटरभर पाणी पुष्कळ झालं. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवायचे, मग एकत्र करायचे, आणि भांडं प्लॅस्टिकचं किंवा मातीचं घ्यायचं, लोखंडाचं नाही.

लिंबाच्या कोवळ्या पानावर पाखराची विष्ठा पडल्यासारखं काही दिसलं तर काडीने टोचून बघा. डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढली आणि उग्र वास आला, तर ती फुलपाखराची अळी. अशा चार अळ्या लहान झाड बोडकं करतात. हाताने वेचणं हाच उपाय, फवारणीची गरज नाही.

कपड्यांचं पाणी मग कुठे जावं? शोषखड्ड्यात. मोरीचं, भाज्या-तांदूळ धुतलेलं आणि राखेने घासलेल्या भांड्यांचं पाणी मात्र बागेचं आहे. त्याच्या वाटेवर केळ आणि धोपा (अळू) लावा, ही दोन्ही ते आनंदाने पितात. आणि धोप्याच्या वड्या उन्हाळ्यात, दुसरी भाजी नसते तेव्हा, खूप कामी येतात.

संत्र्याचं जे एक कलम लावलंय त्याबद्दल एवढंच : आपल्याकडे संत्र्याचा डोळा जंबेरीवर बांधलेला असतो. तो जोड जमिनीच्या वर राहिलाच पाहिजे, त्यावर माती चढवू नका. जोडाच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा अंगठ्याने खुडा. नाहीतर काही वर्षांनी खालची जंबेरी वरच्या संत्र्याला खाऊन टाकते आणि अंगणात नुसतं आंबट फळ उरतं. आणि त्याला भाजीच्या वाफ्याजवळ ठेवू नका. संत्र्याला बहारासाठी पाण्याचा ताण लागतो, भाजीला रोज पाणी. दोघांचं एका जागी जमत नाही.

आता तोंडावर आलेल्या उन्हाळ्याकडे येऊ. तुमची जागा एका गुंठ्याहून थोडी जास्त, 110 चौरस मीटरच्या आसपास. कडक उन्हाळ्यात वाढलेल्या भाजीला दर चौरस मीटरला रोज 6 लिटर धरलं, तरी पूर्ण जागेला साडेसहाशे लिटर रोज लागतात. कुठून आणणार? म्हणून एप्रिलमध्ये बाग चौथाईवर आणा. चौथाईला दहा-बारा बादल्या पुरतात, आणि तेवढं घर देऊ शकतं. बाकीची जागा मोकळी टाका, पण उघडी टाकू नका. तिच्यावर सोयाबीनचं कुटार, गव्हांडा (गव्हाचं काड), तुरीचा पालापाचोळा असं जे मिळेल ते चार बोटं पसरा. आपल्या गावांत हे सगळं धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) पेटवून देतात, त्याचं फार वाईट वाटतं. कुटार मातीत कालवू नका, वरच ठेवा; कालवलं की कुजताना ते नत्र ओढून घेतं आणि भाजी पिवळी पडते. उधई (वाळवी) दिसली तर कुटार झाडाच्या बुंध्यापासून वीतभर लांब ठेवा.

ती चौथाई कुठली? घराच्या पूर्वेची, म्हणजे दुपारनंतर जिथे घराचीच सावली येते. आपल्या उन्हाळ्यात भाजी सकाळच्या उन्हाने मरत नाही, दुपारी दोन ते पाचच्या उन्हाने मरते. तुमचे वाफे पश्चिमेला उघडे आहेत, तिथे सावली उभी करावी लागेल. कायमची म्हणून पश्चिमेच्या कुंपणाला आठ-आठ फुटांवर शेवगा आणि मधे हेटी (हदगा). शेवगा दोन-तीन हात उंचीवर छाटत राहा, म्हणजे तो आडवा पसरतो आणि शेंगा हाताशी येतात. हंगामी सावलीसाठी मांडव. पुढच्या वर्षी जानेवारीच्या शेवटी पश्चिमेला बांबू आणि पराट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा) मांडव घालून दोडके, कारले, लवकी (दुधी) चढवा. एप्रिलमध्ये मांडव भरतो, आणि त्याच्याखाली मे महिन्यात सांभार आणि पालक होतात. बाजारात सांभाराची जुडी महाग झालेली असते, तेव्हा घरची मूठभर पानं वरणावर पडली की बागेबद्दल घरात दुसरं काही सांगावं लागत नाही.

यंदासाठी वेलांच्या मुळाशी मडकं गाडा. कच्चं, न रंगवलेलं, तोंड जमिनीच्या वर ठेवून. भरून झाकण ठेवा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा भरा. पाणी मातीच्या अंगातून झिरपत मुळाला मिळतं, वरची जमीन कोरडी राहते, तणही कमी.

वेलांची लहान फळं पिवळी पडून गळतात असं तुम्ही मध्येच लिहिलंय. त्याची कारणं दोन असतात. फळ उभं चिरून बघा. आत पांढऱ्या बारीक अळ्या असतील तर फळमाशी. तिच्यासाठी क्यू ल्यूरचा (माशीला ओढणाऱ्या गंधाचा) एक सापळा मांडवाला टांगा आणि डंख लागलेली फळं जमिनीवर सडू न देता खोल पुरा. आत काहीच नसेल तर परागीभवन झालेलं नाही. मग स्वतः करा. ज्या फुलाखाली इवलंसं फळ असतं ती मादी, नुसत्या देठावरचं फूल नर. नर फूल तोडून पाकळ्या मागे वळवायच्या आणि त्याचा पराग मादीच्या मध्याला हलकेच टेकवायचा. वेळ मात्र सांभाळा : कोहळं, काकडी, कारलं यांची फुलं सकाळी उमलतात, दोडका आणि लवकीची संध्याकाळी. सकाळी सकाळी दोडक्याच्या मांडवाखाली उभं राहून काही हाती लागत नाही.

टमाटरची चिंता सोडा. दिवस 35 अंशांच्या वर आणि रात्रही गरम राहिली की त्याचा पराग निकामी होतो, फुलं गळतात. हा ना खताचा दोष, ना तुमचा. रोपं सप्टेंबरमध्ये टाका, ऑक्टोबरमध्ये लावा, डिसेंबर ते फेब्रुवारी खा. आताची झाडं उपटून तिथे गवार आणि बरबटी (चवळी) टोका. ऊन सोसणाऱ्या भाज्या त्या. वांगी मात्र उपटू नका. जूनच्या पहिल्या पावसानंतर वीतभर ठेवून छाटा, खत द्या, ती पुन्हा फुटून पावसाळाभर देतात.

वांग्याचं भोक नीट समजून घ्या. गोल भोक दिसतं ते अळी बाहेर पडल्याचं. आत शिरताना केलेलं भोक इतकं बारीक असतं की ते भरून येतं. म्हणजे भोक पाहून फवारा मारला तर तो रिकाम्या घरावर पडतो, अळी तेव्हा खालच्या पाल्यात कोष करून बसलेली असते. लक्ष शेंड्यांवर ठेवा. सकाळी बाकी झाड ताठ आणि एखादाच शेंडा मान टाकून असेल तर अळी त्यात आहे. तो बोटभर खालून खुडून चुलीत टाका. हे दर दोन दिवसांनी. आणि वांग्याखालचा गळलेला पाला झाडून काढा. एवढ्या एका पिकाखाली पाचोळा साचू देऊ नका.

भेंडी पिवळी पडली, शिराही पिवळ्या झाल्या, तो मोझॅक, विषाणूचा रोग. तो पांढऱ्या माशीमुळे येतो, आणि तुमच्या चारही बाजूंना पराटी आहे. भेंडी आणि कपाशी एकाच कुळातल्या. पांढरी माशी, तुडतुडे, ठिपक्यांची बोंडअळी, सगळे एका घरून दुसऱ्या घरी येतात. म्हणून जूनमध्ये कपाशीसोबतच भेंडी टाकली की ती मार खाते. फेब्रुवारीची उन्हाळी भेंडी बरी, तेव्हा बहुतेक पराट्या उपटलेल्या असतात. पावसाळ्यात टाकायचीच असेल तर परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका घ्या, पहिलं पिवळं झाड दिसताच उपटा आणि दर आठवड्याला निंबोळी अर्क फवारा. वाळलेल्या निंबोळीची भरड लिटरला 50 ग्रॅम, रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्याने गाळायची, किंचित साबण मिसळून संध्याकाळी मारायची. निंबोळ्या जून-जुलैत गोळा करा, त्या वर्षभराचं औषध आहेत.

इथे एक गोष्ट हात जोडून सांगते. कपाशीसाठी आणलेलं औषध परसबागेत मारू नका, घरातले पुरुष "थोडंसं मारतो" म्हणाले तरी. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला कायद्यानेच बंदी आहे. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, ते आपल्या शेजारचं दुःख आहे. सकाळी तोडून दुपारी लेकराच्या ताटात जाणाऱ्या भाजीवर तसलं काही नको. आणि वावरात तणनाशक मारलेला पंप बागेत आणूच नका, कितीही धुतला तरी. तळाशी राहिलेल्या अंशानेही टमाटर आणि वेल वाकडे होतात. बागेचा लहान हातपंप वेगळा ठेवा.

वानरांवर खात्रीचा उपाय माझ्याजवळ नाही, आणि जो कुणी असा उपाय विकतो त्याच्याकडून घेऊ नका. त्यांना इजा करणं कायद्यात बसत नाही आणि कुणाच्या मनालाही पटू नये. मांडणी बदलून नुकसान कमी करता येतं. त्यांना आवडणारं, म्हणजे वाल, बिही, वांगी, ते स्वयंपाकघराच्या दाराजवळ, जिथे दिवसभर माणसाचा वावर असतो. कुंपणाकडे हळद, अदरक, धोपा, गोडलिंब (कढीपत्ता), मिरची. यांना ती सहसा हात लावत नाहीत. हळदीसाठी तर तुमच्या शेजारच्या समुद्रपूर तालुक्यातली वायगाव हळद आहे, जिला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचं चार किलो बेणं आणा आणि मृगाच्या आधी शेवग्याच्या ओळीत लावा. विरळ सावली तिला चालते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत वर्षाची हळद घरची होते.

पुढच्या तीन महिन्यांत कामं फारशी नाहीत, पण ती टाळू नका. एप्रिलमध्ये बाग चौथाईवर आणा, बाकी जागा झाका, मडकी गाडा. मातीचा नमुना सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या. सामू, चुना आणि क्षारता एवढं तरी कळू द्या. मे महिन्यात पपईचे ढीग बांधून ठेवा, म्हणजे पावसात ते बसतील आणि सप्टेंबरपर्यंत माती घट्ट होईल. जूनमध्ये पहिला पाऊस पडला म्हणून लगेच पेरू नका. जमीन वीतभर ओली होऊन वाफसा आला की गादीवाफे उचला आणि अंबाडी, चवळाई, गवार, ढेमसं, काकडी यांपासून सुरुवात करा. मिरची-वांग्याची रोपं मेच्या शेवटी सावलीत टाका. सरळ वाणांचं बी राखून ठेवा, राखेत घोळून, कोरड्या बरणीत. संकरित बियाण्याचं बी धरू नका, पुढच्या वर्षी ते कसं निघेल याचा भरवसा नसतो.

आंब्याचं. एवढ्या जागेत नको. पूर्ण वाढलेला आंबा तीस फुटांचा घेर धरतो, म्हणजे तुमची सगळी बाग त्याच्याखाली जाईल आणि भाजीला हिवाळ्याचं ऊन मिळणार नाही. आंबा वावराच्या धुऱ्यावर लावा, विहिरीजवळ, उत्तरेच्या बाजूला, म्हणजे त्याची सावली स्वतःच्या पिकावर कमी पडेल. धुऱ्यापलीकडचं वावर ज्यांचं आहे त्यांना मात्र आधी विचारा. घरामागे आणखी एखादं फळझाड हवंच असेल तर सीताफळ घ्या. त्याला पाणी कमी लागतं, उन्हाळ्यात पानं झडून ते स्वतःच विसावतं, आणि शेळ्याही त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत.